भयपटाचा ट्रेलर करण्याआधी प्रेक्षकाला कोणी विचारते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भयपटांना प्रेक्षक का मिळत नाहीत, या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत जी पत्रे येत आहेत, त्यांत तीच ती कारणे पुन्हा पुन्हा आली आहेत. चित्रपटगृहे मिळत नाहीत, मिळाली तर खेळाची वेळ अडनिडी मिळते, हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपटांपुढे टिकाव लागत नाही. ही कारणे खोटी नाहीत. परंतु प्रेक्षक तिकीटखिडकीपाशी येण्याच्या कितीतरी आधी त्याचा निर्णय झालेला असतो आणि तो बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेल्या दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरवरून झालेला असतो, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. हा ट्रेलर कोणासाठी, कशाच्या आधारावर आणि कोणाला विचारून तयार होतो, याविषयी मला लिहायचे आहे. मी एका महाविद्यालयाच्या जनसंज्ञापन विभागात संकलन शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एका काल्पनिक भयपटाचा ट्रेलर करावा लागतो आणि त्याआधी प्रेक्षकांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करून तो लेखी सादर करावा लागतो. या अभ्यासात काय चुकते हे त्यामुळे जवळून पाहायला मिळते, आणि व्यावसायिक चित्रपटांच्या बाबतीतही नेमके तेच चुकते, किंबहुना तिथे हा अभ्यास बहुधा होतच नाही, असे माझे मत झाले आहे.

ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाला दिलेले वचन नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला आहे. ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते. तेव्हाच्या औरंगाबादेतील एका शिक्षिकेने ‘फॅन’ या २०१६ सालच्या हिंदी चित्रपटाविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार केली होती. प्रोमोमध्ये सतत वाजवलेले गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नव्हतेच, अशी ती तक्रार होती. राज्य आयोगाने त्यांना १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानेही तो निर्णय कायम ठेवला. पण २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रोमो ही निर्मात्याने प्रेक्षकाला तिकीट घेण्यास उद्युक्त करण्यासाठी केलेली एकतर्फी जाहिरात आहे, तिच्यातून करार निर्माण होत नाही आणि केवळ तेवढ्यावरून ती अनुचित व्यापारी प्रथाही ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच असेल; जाहिरातीतल्या प्रत्येक चौकटीचा हिशेब मागत बसलो तर संकलकाला कामच करता येणार नाही. पण भयपटाचा प्रेक्षक न्यायालयाच्या दृष्टीने विचार करत नाही. ट्रेलरने त्याला ज्या प्रकारची भीती दाखवली, त्याच प्रकारची भीती तो तिकिटाच्या मोबदल्यात मागतो, आणि ती मिळाली नाही तर ग्राहक मंचाकडे न जाता मध्यंतरातच व्हॉट्सॲपवरच्या मित्रांना ‘येऊ नका’ म्हणून कळवतो.

याचे सर्वांत स्पष्ट दाखले अमेरिकेत सापडतात, कारण तिथे हे मोजण्याची रीत जुनी आहे. सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्डे भरून घेते आणि चित्रपटाला शाळेतल्यासारखी श्रेणी देते. ‘इट कम्स ॲट नाइट’ हा २०१७चा चित्रपट समीक्षकांनी वाखाणला, पण प्रेक्षकांनी त्याला ‘डी’ श्रेणी दिली. चित्रपटाचे नाव आणि ट्रेलरमधला तो लाल दरवाजा पाहून रात्री काहीतरी बाहेरून आत येणार, अशी कोणाचीही समजूत व्हावी. चित्रपट मात्र साथीच्या रोगाच्या सावटाखाली दोन कुटुंबांमध्ये वाढत जाणाऱ्या संशयाचा होता, आणि त्यात येणारे असे कोणी नव्हतेच. पुढच्याच वर्षी ‘हेरेडिटरी’ला ‘डी प्लस’ मिळाली, तोही चित्रपट समीक्षकांचा लाडका होता. भयपटांना ही श्रेणी एकूणच कमी मिळते हे खरे, आणि या दोन चित्रपटांच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही. मुद्दा एवढाच की ट्रेलर पाहून प्रेक्षकाच्या मनात नेमके कोणते चित्र उभे राहते, याचा अंदाज आधी घेतला नाही, तर चांगल्या चित्रपटालाही पहिल्याच दिवशी नाराजी पत्करावी लागते.

आता आपल्याकडे ट्रेलर कसा होतो ते पाहू. गेल्या काही वर्षांतले मराठी भयपटांचे ट्रेलर एकापाठोपाठ एक पाहिले तर त्यांचा साचा पाठ होतो. आधी ड्रोनने टिपलेला घाटरस्ता आणि त्यावरून जाणारी एकच गाडी, मग जुन्या वाड्याचे दार, हसरे कुटुंब, लहान मुलीच्या हातातली बाहुली, एखादा म्हातारा गडी ‘इथं थांबू नका’ असे बजावतो, पडदा काळा होतो, क्षणभर शांतता, आणि मग कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह केस मोकळे सोडलेली बाई. त्यानंतरच्या चाळीस सेकंदांत चित्रपटातली उरलेली सगळी दचकवणारी दृश्ये एकामागोमाग एक ओतली जातात आणि नाव झळकून गेल्यावर आणखी एक धक्का दिला जातो, कारण परदेशी ट्रेलरमध्ये तसा असतो. हा साचा कोणी मराठी प्रेक्षकाला विचारून ठरवलेला नाही. तो हिंदीतून आला, हिंदीत तो इंग्रजीतून आला, आणि ट्रेलर करणाऱ्या स्टुडिओत ‘तसाच पाहिजे’ म्हणून दाखवायला जो नमुना लावला जातो तोही तिथलाच असतो.

माझ्या विद्यार्थ्यांकडून मात्र मी प्रेक्षकांचा अभ्यास सक्तीने करवून घेतो, आणि तरीही अनेकदा त्यांचा ट्रेलर याच साच्यात जाऊन पडतो. असे का होते हे समजायला मला बराच काळ लागला. एका गटाचे उदाहरण देतो. त्यांनी गूगल फॉर्मवर प्रश्नावली केली. पहिला प्रश्न, ‘तुम्हाला भयपट आवडतात का?’ आणि त्याखाली होय, नाही, कधीकधी. दुसरा प्रश्न, ‘भयपटात सर्वांत भीतिदायक काय वाटते?’ आणि त्याखाली भूत, अंधार, आवाज, रक्त असे चार पर्याय. फॉर्म वर्गाच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर फिरला. उत्तरे अर्थातच त्याच वयाच्या, त्याच शहरातल्या, तेच ओटीटी पाहणाऱ्या मुलामुलींची आली. ‘आवाज’ या पर्यायाला सर्वाधिक मते पडली, रंगीत वर्तुळालेख तयार झाला, आणि गटाने ट्रेलरमधल्या प्रत्येक कटवर एकेक ढोल बसवला. मी त्यांना म्हटले, हा ट्रेलर घेऊन महाविद्यालयाबाहेर जा आणि ओळख नसलेल्या माणसांना दाखवा. एस. टी. स्टँडसमोरच्या चहाच्या गाडीवर एका रिक्षाचालकाने तो गटातल्या एका मुलीच्या मोबाइलवर, भर दुपारच्या उन्हात, इअरफोनशिवाय पाहिला. ढोलांचा खोल घुमारा त्या छोट्या स्पीकरमधून आलाच नाही, अंधारातल्या दृश्यांत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता. पूर्ण पाहून झाल्यावर त्याने फोन परत दिला आणि अगदी सभ्यपणे विचारले, ‘पिक्चर कुठल्या भाषेत हाय?’ ट्रेलरमध्ये एकही मराठी संवाद नव्हता. त्या एका प्रश्नाने जे शिकवले ते त्या वर्तुळालेखाने शिकवले नव्हते.

तेव्हा नुसते ‘विचारले’ असे म्हणून भागत नाही. कोणाला विचारले आणि काय विचारले, यावर सगळे अवलंबून आहे. ‘तुम्हाला काय आवडते’ हा प्रश्न भयपटाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्याला कशाची भीती वाटते हे चारचौघांत सांगायला माणूस लाजतो, आणि सांगितले तरी त्याला स्वतःला ते नीट ठाऊक असतेच असे नाही. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. शेवटचा भयपट कोणता पाहिला, कुठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, तो पाहायचे कोणी ठरवले, मध्येच बंद केला का, आणि केला असेल तर कोणत्या दृश्याला. या प्रश्नांना माणसे खरी उत्तरे देतात, कारण त्यांत मत द्यावे लागत नाही, नुसते आठवावे लागते. शिवाय आपल्याकडे एक भिडेचा भाग असतो. ट्रेलर गल्लीतल्या मुलाने केलेला, विचारणाराही तोच, वर चहा त्याच्याकडूनच. मग ‘भारी झालंय’ याखेरीज दुसरे उत्तर कसे येणार? म्हणून दाखवणारा आणि विचारणारा वेगवेगळे असावेत, आणि उत्तर आधी प्रत्येकाने स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावे, चर्चा मागाहून व्हावी. आधी चर्चा झाली की गटातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस जे म्हणेल तेच सर्वांचे मत होते, हा अनुभव ग्रामसभेपासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत सगळ्यांनाच आहे.

कोणाला विचारावे, याबाबतही आपण परकी मोजपट्टी तशीच उचलतो. जोसेफ फॅरेल यांनी १९७८ मध्ये नॅशनल रिसर्च ग्रुप ही संस्था काढली आणि जनमत चाचण्यांची पद्धत हॉलिवूडच्या चित्रपटांना लावली. पंचवीस वर्षांखालील पुरुष, पंचवीस वर्षांवरील पुरुष, आणि तसेच स्त्रियांचे दोन गट, असे प्रेक्षकांचे चार कप्पे करण्याची तिथली रीत आहे. चित्रपटाचे नाव ऐकले आहे का, पाहण्याची खरी इच्छा आहे का, आणि या आठवड्यात पहिली पसंती त्याला आहे का, हे प्रत्येक कप्प्याला विचारतात. मुंबईत ऑरमॅक्स मीडियासारखी संस्था हिंदी चित्रपटांच्या प्रसिद्धीचा असाच मागोवा घेते. मोठ्या चित्रपटांना याचा उपयोग होतो यात वाद नाही. पण मराठी चित्रपटाला माणूस एकटा क्वचितच जातो. घरातले चौघे-पाचजण जातात, आणि त्यांच्यापैकी एकाने जरी ‘रात्री झोप नाही लागायची’ म्हणून नकार दिला तरी बेत फिसकटतो. म्हणजे ज्याला भयपट आवडतो त्याच्याइतकेच, ज्याला आवडत नाही पण जो बाकीच्यांना थांबवू शकतो त्याचे मत महत्त्वाचे आहे. हे माणूस-माणूस वेगळे गाठून कळत नाही. एखाद्या कुटुंबाला एकत्र बसवून ट्रेलर दाखवावा आणि त्यानंतर ते आपसात काय बोलतात ते ऐकावे. वय आणि लिंग यांपेक्षा आपल्याकडे जास्त फरक पडतो तो माणूस कुठे वाढला याने.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण भयपटाच्या बाबतीत तो सर्वांत मोलाचा आहे असे मला वाटते. वेताळ म्हटले की देशावरच्या वाचकाला स्मशान, अमावास्येची रात्र आणि भुतांची मिरवणूक आठवते. पण सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तिथे तो गावाचा रक्षणकर्ता आहे. त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहिल्या जातात, आणि रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या चपला झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गोव्यातही बेताळ अनेक गावांत पुजला जातो. आता एखाद्या निर्मात्याने पुण्या-मुंबईच्या उत्तरांवर विसंबून ट्रेलरमध्ये वेताळाला रक्त पिणारे भूत म्हणून दाखवले, तर दक्षिण कोकणातला आणि गोव्यातला प्रेक्षक घाबरणार तर नाहीच, तो दुखावला जाईल. देवचाराचेही तसेच आहे. बाहेरच्याला तो भूत वाटतो, गावकऱ्याच्या लेखी तो राखणदार असतो. उलट घाटावर, ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला विचारा; डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या उसात रात्री पाणी पाजायला जाताना दोन सऱ्यांपलीकडचे काही दिसत नाही आणि पाने सतत सळसळत राहतात, ही भीती त्याला कोणत्याही वाड्यापेक्षा खरी वाटते. ‘लपाछपी’ या २०१७ सालच्या मराठी चित्रपटाने हा ऊसच भीतीची जागा म्हणून वापरला होता, आणि पुढे त्याच दिग्दर्शकाने तो ‘छोरी’ नावाने हिंदीत केला. गिऱ्हा, हडळ, खवीस, चकवा, हाकामारी, यांतले कोणते नाव कोणत्या जिल्ह्यात अजून दबक्या आवाजात घेतले जाते आणि कोणते नुसते मुलांना जेवू घालण्यापुरते उरले आहे, हे कोणत्याही परदेशी अहवालात मिळणार नाही. ते गावोगाव जाऊन, म्हाताऱ्यांना नव्हे तर तिकीट काढणाऱ्या वयाच्या माणसांना विचारूनच कळेल.

स्थानिक तपशील दाखवला तर बाहेरचा प्रेक्षक तुटेल, अशी भीती वितरक घालतात. तिला आधार दिसत नाही. झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली, तिच्यात मालवणी बोलली जात होती, आणि ती कोकणाबाहेरही इतकी चालली की तिचे आणखी दोन भाग आले. २०२४ मध्ये कोकणातल्या मुंज्याच्या समजुतीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक मराठी, गोष्ट पिंपळावरच्या मुंज्याची, आणि देशभरातली कमाई शंभर कोटींच्या पुढे. त्या चित्रपटात विनोद आणि भीती सरमिसळ होती, आणि इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो जो ट्रेलर करणाऱ्याने प्रेक्षकाला विचारलाच पाहिजे. १९९३च्या ‘झपाटलेला’पासून मराठी प्रेक्षकाची एक मोठी पिढी भुताला घाबरत आणि हसत अशीच वाढली आहे. ट्रेलर गंभीर असेल तर ती पिढी कुठे हसते, आणि त्यांचे हसणे हे चित्रपटाला मिळालेली दाद आहे की चित्रपटाचे झालेले हसे आहे, हे रफ कट, म्हणजे ट्रेलरचे कच्चे संकलन, दाखवल्याखेरीज समजणार नाही.

रफ कट दाखवण्याविषयी सांगायचे तर तो एकच दाखवू नये. दोन करावेत: एकात ती गोष्ट, म्हणजे भूत म्हणा, बाई म्हणा, दिसते, दुसऱ्यात दिसत नाही, नुसती तिची चाहूल लागते. दोन वेगळ्या गटांना एकेक दाखवावा आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘ही कशाची गोष्ट असेल’ असे विचारावे. त्या उत्तरातून प्रेक्षकाने मनात कोणते वचन नोंदवून घेतले ते कळते, आणि चित्रपट ते पाळणार आहे की नाही हे दिग्दर्शकाला तिथल्या तिथे ताडून पाहता येते. दुसऱ्या दिवशी फोन करून काय आठवते एवढेच विचारावे. आमच्या वर्गात बहुतेक वेळा असे होते की जागच्या जागी दचकवणारे दृश्य दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. आठवते ते एखादे वाक्य, किंवा पडवीत कोणी नसताना हलणारी झोपाळ्याची कडी. ट्रेलरचे काम तिकीट काढण्याच्या दिवसापर्यंत मनात राहणे हे आहे. तेव्हा कशाला जास्त जागा द्यायची ते उघड आहे. दाखवायचे तर मोबाइलवरही दाखवावे, उन्हात दाखवावे, आवाज बंद करून दाखवावे, कारण बहुतेक लोक तो तसाच पाहणार आहेत.

प्रेक्षकाचे वागणे पाहावे, पण त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा चित्रपट दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात, सुमारे १५,००० डॉलरमध्ये केला होता. स्टुडिओने तो निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा माणसे मध्येच उठून जाऊ लागली, आणि चित्रपट पडला अशीच सर्वांची समजूत झाली; विचारल्यावर कळले की ती घाबरून उठली होती. पुढे २००९ मध्ये चित्रपट सर्वत्र लागला तेव्हा त्याच्या ट्रेलरमध्ये भुताऐवजी अंधारात खुर्चीला खिळलेले, किंचाळणारे, शेजाऱ्याच्या खांद्यात तोंड लपवणारे प्रेक्षकच दाखवले गेले. प्रेक्षकाचे निरीक्षण हाच ट्रेलरचा ऐवज झाला. त्या उठून जाणाऱ्यांना कोणी ‘का’ असे विचारलेच नसते, तर तो चित्रपट कदाचित कपाटातच राहिला असता.

निर्माते यावर म्हणतात की आम्हाला वेगळे संशोधन कशाला, यूट्यूबवर लाखो व्ह्यूज मिळालेले आहेत. हे आकडे मी गांभीर्याने घेत नाही. ज्या ट्रेलरसाठी पैसे भरून जाहिरात चालवलेली असते, तो लोक दुसरेच काही पाहायला आलेले असताना त्यांच्यासमोर येतो. पाच सेकंदांनी ‘स्किप’ची सोय असते आणि बोट आधीच तिथे टेकलेले असते. शिवाय हे आकडे येतात ते ट्रेलर बाहेर पडल्यावर. तोवर बदलण्यासारखे काही उरलेले नसते.

याहून वजनदार आक्षेप कलावंतांचा आहे. प्रेक्षकाला विचारून कलाकृती होत नाही. त्याला जे ठाऊक आहे तेच तो मागणार. नवे काही त्याला कसे सुचेल? चित्रपटाच्या बाबतीत मला हे मान्य आहे. ‘तुंबाड’ हा त्याचा पुरावाच आहे: हावरटपणा, पाऊस आणि पुरलेला देव यांची गोष्ट आवडेल का, असे २०१८ साली कोणत्या प्रश्नावलीत विचारले असते आणि कोणी ‘होय’ म्हटले असते? तो चित्रपट तेव्हा हळूहळू लोकांपर्यंत पोहोचला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. पण या उदाहरणाचा दुसरा अर्थही आहे. त्या चित्रपटाचा प्रेक्षक अस्तित्वात होता. तो पहिल्या आठवड्यात चित्रपटगृहापर्यंत आला नाही, इतकेच. चित्रपट प्रेक्षकाला विचारून करू नये, ट्रेलर मात्र विचारून करावा, असा फरक मी करतो, कारण ट्रेलर हे आवतण आहे आणि आवतण कोणाला धाडायचे हे ठरवल्याशिवाय ते लिहिता येत नाही. हिचकॉकसारख्या मनस्वी दिग्दर्शकानेही ‘सायको’च्या १९६०च्या ट्रेलरमध्ये चित्रपटातली दृश्ये जवळजवळ दाखवलीच नाहीत. सहा मिनिटांहून अधिक काळ तो स्वतः त्या मोटेलमध्ये आणि घरात हिंडतो, इथे काय झाले ते सांगता सांगता थांबतो, नको म्हणतो, पुढे जातो, आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो. सर्वेक्षण करून त्याने हे ठरवले असेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या नावाला आणि आपल्या मिश्कीलपणाला प्रेक्षक ओळखतो, दूरचित्रवाणीमुळे आपला चेहरा त्यांच्या घरात पोहोचलेला आहे, हे त्याला पक्के माहीत होते. आपल्या दिग्दर्शकांना प्रेक्षकाविषयी इतकी खात्री असेल, तर त्यांनी खुशाल कोणाला विचारू नये.

एक गोष्ट आवडीनिवडीच्या पलीकडची आहे, तिचाही उल्लेख करतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो होण्यासाठी कोणाला प्राण गमवावे लागले ते सर्वांना माहीत आहे. भयपट दाखवणे म्हणजे अंधश्रद्धा पसरवणे असे मी मानत नाही. पण दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये कथेचा संदर्भ गळून पडतो आणि मांत्रिकाने अंगारा लावला, बाई बरी झाली, एवढेच उरते. पूर्ण चित्रपट त्या मांत्रिकाला खोटा ठरवणारा असला तरी ट्रेलर पाहणाऱ्याला ते कसे कळणार? ट्रेलरच्या चाचणीत हेही विचारावे. मुलांचा प्रश्न तसाच आहे. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला प्रमाणन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, यूट्यूबवरच्या ट्रेलरला लागत नाही; चित्रपटांसाठी आता यूए ७+, १३+ आणि १६+ अशा वयोमर्यादा आल्या असल्या तरी आजोबांच्या मोबाइलवर बालगीतानंतर आपोआप काय लागेल, यावर कोणाचेच नियंत्रण नाही.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, त्यात तथ्य नाही. तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत एकेका संध्याकाळी शाळेचा हॉल, प्रोजेक्टर, चहा आणि प्रामाणिकपणे टिपणे घेणारी चार मुले, एवढ्याला महामार्गावरच्या एखाद्या हॉर्डिंगपेक्षा जास्त पैसे लागत नाहीत. मात्र अशा छोट्या चाचणीतून टक्केवारी काढू नये. दहांपैकी सातजणांनी अमुक म्हटले म्हणून महाराष्ट्राचे सत्तर टक्के प्रेक्षक तसे म्हणतात, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतो. त्या दहाजणांनी कोणत्या शब्दांत काय सांगितले, ते जसेच्या तसे लिहून आणणे जास्त उपयोगाचे असते. आणि हे सगळे ट्रेलरच्या संकलकाकडे साहित्य येण्याआधी, चित्रीकरण चालू असतानाच सुरू व्हायला हवे. प्रेक्षकाच्या मनात झोपाळ्याची कडी राहते हे नंतर कळले, आणि त्या कडीचा जवळून घेतलेला शॉटच नसला, तर त्याच घरी, त्याच पावसाळ्यात, सगळे युनिट घेऊन परत जाणे मराठी निर्मात्याला परवडत नाही.

आपल्या वाचकांत तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृह चालवणारे काहीजण निश्चित असतील. मध्यंतरात ट्रेलर लागल्यावर प्रेक्षक कोणत्या ट्रेलरला बाहेर वडापाव घ्यायला जातात आणि कोणत्या ट्रेलरला दारातच उभे राहून पाहतात, हे त्यांच्याइतके कोणी रोज पाहत नसेल. त्यांनी आपल्या या सदरातून लिहावे, अशी विनंती आपण त्यांना केलीत तर आमच्या विद्यार्थ्यांना आणि कदाचित निर्मात्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आपला,
संकलनाचा एक शिक्षक
सातारा